तारखा बदला, बाकी तेच ठेवा

मंडळी, ओळख करून देताना अध्यक्षांनी 'प्रशासनाचा दीर्घ अनुभव' असं काहीसं म्हटलं. खरं सांगायचं तर त्यातली चार वर्षं मी एका जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत गृह शाखेत कारकून होतो. तिथं माझं एक काम कधी चुकलं नाही. दर पंधरा दिवसांनी मनाई आदेशाचा मसुदा टाइप करायचा आणि सहीला ठेवायचा.

पेपरात आतल्या पानावर 'जिल्ह्यात कलम ३७ लागू' अशी चार ओळींची बातमी येते. ती वाचून तुम्ही पान उलटलं असेल, सगळेच उलटतात. हे कलम १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं. पूर्वी याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं. ३७(१) खाली काय काय बंद करता येतं, ती यादी मला अजून पाठ आहे. सोटे, भाले, तलवारी, काठ्या बाळगणं. दगड साठवणं. प्रेतं किंवा पुतळे मिरवणं. जाहीर घोषणा, गाणी, वाद्यं. भाषणं, हावभाव आणि नकला. होय, नकलासुद्धा! ३७(३) खाली जमाव आणि मोर्चा. आदेशात आम्ही 'पाच किंवा पाचपेक्षा जास्त व्यक्तींनी एकत्र येऊ नये' असं लिहायचो. आज आपण हॉलमध्ये आहोत म्हणून बरं. मघाशी बाहेर टपरीवर चहा पिताना आपण आठजण होतो.

आता, कायदा करणारे काही अडाणी नव्हते. जमावबंदी पंधरा दिवसांच्या पुढे न्यायची असेल तर राज्य सरकारची मंजुरी घ्या, असं त्यांनी त्याच पोटकलमात लिहून ठेवलंय. म्हणजे दावं बांधूनच बैल दिला होता. आम्ही काय केलं? एक आदेश रात्री बारा वाजता संपायचा आणि बारा वाजून एक मिनिटाला दुसरा सुरू व्हायचा. प्रत्येक आदेश पंधराच दिवसांचा, जिल्हा मात्र बारा महिने मनाईत. माझे वरिष्ठ फाइल पुढे सरकवत म्हणायचे, "मागचा आदेश काढ. तारखा बदल, बाकी तेच ठेव." माणूस सज्जन होता, कुणावर त्याचा राग नव्हता. सरकारी जुलूम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाठी येते. मी तो पाहिला तो कॉपी-पेस्टमध्ये.

जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या १४४ कलमाबद्दल सांगितलं की असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि रास्त मतप्रदर्शन दाबायला ते वापरता येणार नाहीत. आपलं कलम वेगळं, हे मान्य. युक्ती तीच.

या आदेशाच्या मुळाशी पोलिसांचं एक पत्र असतं. त्यात आधी येणाऱ्या सणांची यादी आणि मग एक ठरलेलं वाक्य: 'विविध पक्ष व संघटनांकडून आपल्या मागण्यांसाठी मोर्चे, धरणे, उपोषणे होण्याची शक्यता आहे.' हे वाक्य मी शंभरेक वेळा तरी टाइप केलं असेल. निवृत्तीनंतर एकदा पुन्हा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दंगल होईल असं त्यात म्हटलेलंच नाही. लोक काही मागतील, एवढंच कारण! राज्यघटनेच्या १९व्या कलमाने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिलाय. तो कुणी वापरेल, या शक्यतेवरच बंदी.

तुम्ही म्हणाल, असेना का, कोण पाळतं? अहो, तीच तर खरी गोम आहे. वराती निघतात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला भर चौकात तलवारीने केक कापतात. कायदा रोज सगळेच मोडतात, म्हणून गुन्हा कुणावर दाखल करायचा ते ठाण्यात बसून ठरतं. कांद्याला भाव मागत रस्त्यावर कांदे ओतणाऱ्यांवर तो हमखास होतो. ३७(१) मोडल्यास १३५ कलमाखाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. होत नाही सहसा. होतात त्या तारखा. शेतकऱ्याचं पोरगं पोलीस भरतीला जातं, मैदान मारतं, लेखी पास होतं, आणि चारित्र्य पडताळणीत अडकतं.

मग कधीतरी सरकार उदार होतं. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघतो: अमुक तारखेपर्यंतचे, जीवितहानी नसलेले, नुकसान ठराविक रकमेच्या आतले. खुर्चीवर कुठलाही पक्ष असो, हे होत आलंय, आणि टाळ्याही पडतात. म्हणजे जो गुन्हा मुळात व्हायलाच नको होता, तो काढून टाकल्याबद्दल आपण सरकारचे आभार मानायचे.

या कायद्यावर आपल्या न्यायालयांनी चांगलं काम केलेलं आहे. गुजरातला तो मुंबई राज्याच्या वारशातून गेला. १९७२ साली अहमदाबादच्या एका प्रकरणात घटनापीठाने, रस्त्यावरच्या सभेला परवानगी द्यावी की नाही हे कुठल्याही निकषाविना पोलीस आयुक्ताच्या मर्जीवर सोडणारा नियम रद्द केला. सभेचं नियमन करा, पण सरसकट बंद करू नका, असा त्याचा अर्थ. आमच्या शाखेत हा निकाल कुणी वाचलेला नव्हता. मीही नाही.

परवा एकाने विचारलं, सरकारला आदेश काढून एखादी संघटना बेकायदा ठरवू देणाऱ्या महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाबद्दल काय वाटतं? जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. तरतुदींवर जाणकार बोलतील. मला काळजी आहे ती तिथल्या कारकुनाची. पहिला आदेश सगळे तपासतील, वकील बघतील, मंत्रालय बघेल. विसाव्या आदेशाला तो मागची फाइल काढेल.

एक कबुली देतो आणि थांबतो. एका श्रावणात तारखा बदलताना सणांची यादी बदलायची माझ्याकडून राहिली. आदेश 'होळी व धूलिवंदन लक्षात घेता' असाच गेला. अव्वल कारकुनाने, निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांनी, सगळ्यांनी सह्या केल्या. पेपरात छापून आला. फोन नाही, पत्र नाही. आठवड्याने सातबाराच्या कामाला आलेले एक म्हातारे गृहस्थ कात्रण हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, औंदा होळी दोनदा आहे का?"

मी त्यांना चहा पाजला. पुढच्या आदेशात होळी काढून पोळा घातला.