सवलत मिळाली, वाचन राहिलं

(शिक्षक आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. समोर शिक्षक जास्त दिसताहेत, पालकही बरेच आहेत. तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेवते आणि फळ्यावर एक शब्द लिहिते: आर्थिक.

तुम्ही तो बघताक्षणी वाचलात. आता जरा सावकाश बघा. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली तर आधी आ दिसतो, मग पहिली वेलांटी, मग थ, थच्या डोक्यावर रफार आणि शेवटी क. तोंडाने म्हणताना मात्र आ, मग र, मग थ, मग इ, मग क. कागदावर इ-थ-र, जिभेवर र-थ-इ. क्रम नेमका उलटा. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण कुठल्या खुणेचा आवाज कधी काढायचा ते दुसरी-तिसरीत कधीतरी अंगवळणी पडलेलं असतं. ज्या मुलाला डिस्लेक्सिया आहे त्याच्या अंगवळणी ते आपोआप पडत नाही. तो 'आथिक' वाचतो, 'अर्थीक' लिहितो, नाहीतर पहिलं अक्षर बघून 'आठवण' असं काहीतरी ठोकून देतो. आणि आपण म्हणतो, लक्ष नाही याचं.

त्याच्या डोळ्यांत दोष नसतो. बुद्धीत नसतो. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणं आणि ते आवाज लिहिलेल्या खुणांशी पटकन, न अडखळता जोडणं, एवढंच काम त्याच्या मेंदूला जड जातं. पण शाळा नावाची जवळजवळ सगळी व्यवस्था त्याच एका कामावर उभी आहे.

हे पहिल्यांदा कोणी ओळखलं ते सांगते, कारण त्यातून मला पुढचा मुद्दा मांडायचा आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्लिश डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा हुशार, खेळात पुढे, गणितं भराभर सोडवणारा. पण वाचन जवळजवळ शून्य, आणि स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा त्याने उलटसुलट लिहिली. त्या टिपणात मॉर्गनने मुलाच्या शिक्षकाचं म्हणणंही नोंदवलंय: सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चुणचुणीत मुलगा ठरला असता. मला ही नोंद फार मोलाची वाटते. टिपण डॉक्टरच्या नावावर आहे, पण मुलाची खरी पारख शिक्षकाने केली होती.

अमेरिकेतही असंच झालं. १९२५ च्या सुमारास आयोवा राज्यात सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर वाचता न येणाऱ्या मुलांचा अभ्यास करत होते. त्यांनी निरीक्षणं मांडली. पण सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय करायचं हे मांडलं अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोन शिक्षिकांनी. आवाज आधी ऐकायचा, तोंडाने काढायचा, खूण बघायची, बोटाने गिरवायची. सोप्याकडून अवघडाकडे, एकही पायरी न गाळता. आज जगभर ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत म्हणून जी ओळखली जाते तिचा कणा या दोघींनी घडवला.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात मुख्यतः मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयांत झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतो तिथे, बालरोग विभागात अशा मुलांची तपासणी सुरू झाली. डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील करंदे या बालरोगतज्ज्ञांची नावं या क्षेत्रातल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. ताप-खोकल्याच्या गर्दीतून वेळ काढून, नापास होणारी मुलं हाही आमचा विषय आहे, असं त्यांनी ठरवलं. १९९६ मध्ये केट करावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी केली. तिथे पालक, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका टेबलावर बसले. त्याच वर्षी राज्य सरकारने अशा मुलांसाठी परीक्षेतल्या सवलती अधिकृतपणे मान्य केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, गरज पडल्यास लेखनिक, एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमिती सोडून सातवीच्या पातळीचं गणित. देशातली बरीच राज्यं या वाटेवर पुष्कळ नंतर आली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत जागा दिली आणि हा देशभरचा हक्क झाला.

हे ज्यांनी मिळवून दिलं त्यांचे उपकार हजारो घरांवर आहेत. दहावीचं प्रमाणपत्र हातात पडलेली, पुढे हॉटेल व्यवस्थापनात, छायाचित्रणात, दुकानात, कारखान्यात उभी राहिलेली मुलं मी बघितली आहेत. सवलत नसती तर ती आठवीतच गळाली असती.

पण मला आज जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. सवलतीने परीक्षा सुटते, वाचायला येत नाही. जादा अर्धा तास दिला तरी ज्याला 'आर्थिक' वाचता येत नाही त्याला तो अर्ध्या तासानंतरही वाचता येत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण प्रमाणपत्राची वाट बऱ्यापैकी बांधली. वाचायला शिकवण्याची वाट मात्र, त्यातही मराठी शाळेत, पायवाटच राहिली.

याचं एक कारण अगदी साधं आहे. कितीतरी वर्षं तपासणीच्या प्रमाणित चाचण्या इंग्रजीत होत्या. त्यामुळे निदान व्हायचं ते इंग्रजी माध्यमाच्या मुलाचं, म्हणजे बहुतेकदा शहरातल्या, ऐपत असलेल्या घरातल्या मुलाचं. मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन कशाशी ताडून बघायचं? ही उणीव भरून काढायला हरियाणात मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. २०१५ मध्ये 'डाली' हा चाचण्यांचा संच आला. सुरुवातीच्या चार भाषांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी होती. त्यात वर्गशिक्षकाने भरायची चाळणीही आहे, म्हणजे कोणत्या मुलाला पुढच्या तपासणीची गरज आहे ते ओळखायची प्रश्नावली, पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. मला विचाराल तर या क्षेत्रात आपल्या मुलांसाठी झालेलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे. आणि आजही किती शाळांच्या शिक्षकांना त्याचं नाव माहीत आहे? इथे हात वर करायला सांगत नाही, तुम्ही मनातल्या मनात उत्तर द्या.

मराठीतलं डिस्लेक्सिया इंग्रजीतल्यासारखं दिसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. २००१ मध्ये एराल्डो पॉलेझू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक लोकांच्या मेंदूचं काम वाचताना तपासलं. तिघांच्याही मेंदूत अडचणीची जागा एकच होती. तरीही इटालियन मंडळी बरीच बरी वाचत होती, कारण इटालियन जशी लिहितात तशी वाचतात. आपली मराठीही पुष्कळशी तशीच. म्हणून आपल्या मुलाच्या वाचनात चुका कमी दिसतील, पण वेग फार कमी असेल. एकेक अक्षर लावत तो ओळीच्या शेवटी पोचतो तोवर सुरुवात विसरलेला असतो. बाई म्हणतात, वाचता येतं की, फक्त हळू वाचतो. ते 'फक्त हळू' हीच खूण आहे.

शिवाय आपली लिपी मोठी आहे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की सगळी अक्षरं, स्वरचिन्हं, जोडाक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतची आणि कधी त्याही पुढची वर्षं लागतात. देवनागरीची रचना त्याच जातीची. एकटा र बघा: कर, कर्म, क्रम, ट्रक, सुऱ्या. अनुस्वाराचा एकच ठिपका अंकात वेगळा, संतात वेगळा, कंपात वेगळा वाजतो. आणि आपण पहिलीत बाराखडी तालावर म्हणून घेतली की झालं असं समजतो. बाराखडी पाठ म्हणणारं पण 'की' एकटं दाखवलं तर 'क' पासून मनात मोजत येणारं मूल तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

मग करायचं काय? मी पाचवीतल्या एका मुलीचा तास सांगते. तिच्या वर्गात ती अडचणीची म्हणून कोणाच्या यादीतच नव्हती. शांत बसायची, वही नीटनेटकी, इतरांनी मोठ्याने वाचलेला धडा ऐकून पाठ करायची आणि आपली पाळी आली की पुस्तकावर बोट फिरवत घडाघडा म्हणायची. बोट भलत्याच ओळीवर होतं एवढंच. (मुलगे दंगा करतात म्हणून तपासणीला पाठवले जातात, मुली गप्प बसतात म्हणून राहून जातात. येल विद्यापीठाच्या सॅली शेविट्झ यांनी १९९० मध्येच हे दाखवलं होतं: शाळा मुलगे जास्त निवडतात, पण सगळ्या मुलांना चाचणी दिली तर प्रमाण जवळपास सारखं निघतं.)

तिला 'किरण' लिहायचा होता. आधी फक्त टाळ्या: कि, र, ण. तीन टाळ्या, तीन बटणं टेबलावर. मग पहिलं बटण हातात घेऊन: यात काय काय ऐकू येतं? ती म्हणाली, कि. अजून सुटं कर. बराच वेळ गेला. मग म्हणाली, क्... इ. आता ताटलीतल्या रव्यात बोटाने आधी क, तोंडाने क् म्हणत. मग इ म्हणत त्याच्या डावीकडे वेलांटी. ती थबकली. 'बाई, इ नंतर ऐकू येतो, मग तो कच्या आधी का बसतो?' चार वर्षं शाळेत काढल्यावर हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारता आला. त्याचं उत्तर तिला सांगितलं: ही खूण डावीकडे बसते, पण वाचताना अक्षरानंतर वाचायची, लिहितानाही आधी अक्षर, मग वेलांटी. त्या दिवशी तेवढंच. पहिल्या वेलांटीचेच शब्द, पाच-सहा, पुन्हा पुन्हा. रफार कितीतरी आठवड्यांनी आला.

यात यंत्र नाही, महागडं साहित्य नाही. क्रम हवा, रोज वीस-पंचवीस मिनिटं हवीत, आणि एकटं किंवा तिघा-चौघांत बसवून शिकवणारं माणूस हवं. वर्गातल्या इतर मुलांचंही यात काही बिघडत नाही, उलट सगळ्यांचंच वाचन पक्कं होतं.

आणि हे आठ वर्षांपर्यंत थांबायचं नाही. नियमाप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं, त्याला कारणंही आहेत. पण ती अट कागदाला आहे, शिकवण्याला नाही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत जे मूल शब्दाचा पहिला आवाज सांगू शकत नाही, यमक जुळवू शकत नाही, अक्षरं आज ओळखतं आणि उद्या विसरतं, त्याला त्याच महिन्यात जास्तीचं शिकवायला लागा. पुढे निदान झालंच नाही तरी तोटा काही नाही. तिसरी-चौथीत सुरू केलेल्या कामाला याच्या कित्येक पट कष्ट पडतात.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की या कामाचं नेतृत्व आता पहिली-दुसरीच्या शिक्षकांकडे यायला हवं. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. समग्र शिक्षा अभियानातले फिरते विशेष शिक्षक तालुक्यात शाळा-शाळा हिंडतात, कित्येक वर्षं कंत्राटावर राहून हिंडले. पण एकट्या माणसाकडे इतक्या शाळा असल्या की एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादा तास येतो, आणि महिन्यातून एका तासाने वाचन येत नाही. त्या विशेष शिक्षकाला मुलाकडे न पाठवता वर्गशिक्षकाकडे पाठवा. त्याने बाईंना चाळणी भरायला शिकवावं, क्रम लावून द्यावा, दर पंधरवड्याने येऊन अडलेलं सोडवावं. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात डिस्लेक्सियावर एक टिपण लिहून घेण्यापेक्षा, एका अडखळणाऱ्या मुलाला पूर्ण सत्रभर वाचायला शिकवणं सक्तीचं करावं.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेते.

मराठी माध्यमातून काढून इंग्रजीत घालू का? नको. इंग्रजीचं स्पेलिंग डिस्लेक्सियासाठी मराठीपेक्षा पुष्कळ कठीण आहे, आणि घरात जी भाषा बोलली जाते तिचे आवाज मुलाच्या कानात आधीच असतात. ते भांडवल सोडू नका. आधीपासून इंग्रजीत असेल आणि रुळलं असेल तर ओढाताण करून परतही आणू नका.

दुसरी चिठ्ठी एका आईची आहे. मुलगी आठवीत आहे, प्रमाणपत्र घेतलं तर उद्या लग्नात अडचण येईल असं घरचे म्हणतात. ताई, प्रमाणपत्र तुमच्या हातात राहणार, कुठे दाखवायचं आणि कुठे नाही हे तुम्ही आणि मुलगी ठरवणार. ते काढा आणि आत्ताच काढा, कारण सरकारी रुग्णालयात तारखा लांबच्या मिळतात आणि दहावीच्या वर्षात धावपळ झेपत नाही. प्रमाणपत्रात अक्षमता चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर पुढे प्रवेशाच्या ५ टक्के आणि सरकारी नोकरीच्या ४ टक्के राखीव जागांसाठीही तिला अर्ज करता येईल. गणित सोडायची सवलत मात्र घाईने घेऊ नका, पुढच्या बऱ्याच वाटा त्याने बंद होतात. तिची अडचण वाचनाची असेल तर प्रश्न कोणीतरी वाचून दाखवला की ती गणित करेल. आणि तारीख मिळेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्या पुस्तकातलं एक पान तुम्ही वाचा, ती शेजारी बसून ओळीवर बोट ठेवील. कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, पहिल्या महिन्याचे शब्द मी लिहून देते.