कॅशमिअर शाळेचा बँड

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेचा बँड म्हटलं की मला सगळ्यात आधी ब्रासोचा वास आठवतो. १४ ऑगस्टच्या दुपारी आम्ही सात-आठ पोरं व्हरांड्यात बिगुल घासत बसायचो. जुन्या धोतराच्या फडक्यावर ब्रासोचे दोन थेंब टाकायचे आणि घासत राहायचं. फडकं काळं व्हायचं, पितळ पिवळंधमक व्हायचं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, संचलन, ठरलेल्या दोन धून. मग बिगुल जे कपाटात जायचे, ते २६ जानेवारीच्या आदल्या दिवशीच बाहेर यायचे. शाळेचा बँड कुणी कान देऊन ऐकत नाही, हे आम्हाला न सांगताच कळलेलं होतं.

त्यामुळे काही वर्षांपूर्वी एका मित्राने एक रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, "सांग, हे कोण वाजवतंय?" तेव्हा मी कसलेल्या व्यावसायिक वादकांची नावं आठवू लागलो. ड्रम आणि बेस गिटार एकमेकांत इतके घट्ट बसलेले, की दोन वाद्यांमध्ये सुईसुद्धा शिरू नये. त्यावर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा आख्खा ताफा एका श्वासात आदळायचा आणि एका श्वासात थांबायचा. मित्र म्हणाला, "शाळेतली पोरं आहेत." माझा विश्वास बसला नाही. त्या पोरांच्या बँडची सुरुवात कशी झाली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहर आहे. त्याच्या ईशान्य भागात कॅशमिअर गार्डन्स नावाची वस्ती आहे. नाव ऐकून आपल्याला काश्मीर आठवतं, पण ही कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती. तिथलं कॅशमिअर हायस्कूल, आणि त्या हायस्कुलात संगीत शिकवणारे कॉनराड जॉन्सन. पोरं त्यांना 'प्रोफ' म्हणायची, प्रोफेसर या शब्दातला प्रोफ. जन्म १९१५ चा, टेक्सासमधल्याच व्हिक्टोरिया गावचा. लहानपणीच ते ह्यूस्टनला आले आणि १९४१ पासून शिक्षकी करू लागले.

प्रोफ स्वतः उत्तम सॅक्सोफोनवादक होते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार या छोट्या कंपनीने त्यांच्या नावावर तबकडी काढली होती. गावोगाव फिरणाऱ्या बँडबरोबर आयुष्य काढण्याइतका हात त्यांच्याकडे होता, पण ते घरी राहिले, संसार केला आणि शाळेत शिकवत राहिले. आपल्या आवाजाची तबकडी हातात धरल्यावर माणसाला काय वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता 'स्टेज बँड' या शब्दाबद्दल थोडं सांगतो. अमेरिकन शाळांत मैदानावर कवायतीचा बँड असतो, तसा एक बसून वाजवणारा बँडही असतो. पाच सॅक्सोफोन, चार-पाच ट्रम्पेट, तितकेच ट्रॉम्बोन, सोबत पियानो, गिटार, बेस आणि ड्रम. खरं तर हा जाझचा बँड. पण त्या काळी अनेक शाळांना जाझ हा शब्द क्लब-दारूच्या बाजूचा वाटायचा, म्हणून 'स्टेज बँड' असं सोज्वळ नाव रूढ झालं. टेक्सासात या प्रकाराची मुळं खोल होती. तिथल्या डेंटन गावच्या कॉलेजात १९४७ मध्येच याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला होता. शाळाशाळांच्या स्पर्धा व्हायच्या. पोरं कोट घालून खुर्च्यांवर बसायची, समोरच्या कागदावर नजर ठेवून वडिलांच्या तरुणपणीचं संगीत वाजवायची आणि परीक्षक गुण द्यायचे.

प्रोफही हेच शिकवत होते. मग १९६७ उजाडलं.

त्या वर्षी त्यांनी ओटिस रेडिंग या गायकाचा कार्यक्रम पाहिला. रेडिंग म्हणजे सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकारातला त्या घडीचा सगळ्यात मोठा आवाज. चर्चमधल्या गाण्याची आर्तता त्याने प्रेमाच्या गाण्यात आणली होती आणि तो अंगभर गायचा. वाद्यवृंदही त्याच्याबरोबर हलायचा, पावलं टाकायचा. पन्नाशी ओलांडलेले प्रोफ तिथे बसून बघत होते. आपला बँड असा का असू नये, हा विचार त्यांनी त्या कार्यक्रमातून घरी नेला, असं ते पुढे सांगत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याच वर्षी रेडिंगच्या साथीला मेम्फिस शहरातली बार-केज नावाची मंडळी असायची. त्यातली बहुतेक पोरं नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या एका गोठत्या तळ्यात रेडिंगचं विमान कोसळलं. रेडिंग गेला आणि त्याच्याबरोबर त्यातली चार पोरंही गेली. विमानातून एकटा ट्रम्पेटवाला वाचला. पुढच्या एप्रिलमध्ये, ज्या मेम्फिसची ती पोरं होती, त्याच शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये दुःख होतं, संताप होता आणि मान वर करून चालण्याचा निश्चयही होता. त्या १९६८ साली कॅशमिअरच्या तालमीच्या खोलीत नवा बँड उभा राहत होता.

प्रोफ यांनी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, पोरांना उभं केलं. वाजवता वाजवता डोलायचं, वळायचं, ट्रॉम्बोन एकदम वर न्यायचे, एकदम खाली आणायचे. दुसरी, संगीत बदललं. पोरं घरी रेडिओवर जे ऐकायची, ते जेम्स ब्राऊन या गायकाचं फंक त्यांनी शाळेत आणलं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. फंकची गाणी नुसती उचलली नाहीत, तर वीसेक वादकांच्या मोठ्या बँडसाठी स्वतः मांडणी करून लिहिली, आणि नव्या रचनाही केल्या.

फंक म्हणजे काय, हे शब्दांत सांगण्यापेक्षा तुम्ही हाताने करून बघा. मांडीवर थाप द्या. एक, दोन, तीन, चार. पॉप गाण्यात टाळी बहुधा दोन आणि चारवर पडते. जेम्स ब्राऊनने १९६५ च्या आसपास आपल्या वादकांना सांगितलं, पहिल्या मात्रेवर वजन टाका, मधल्या जागेत काय हवं ते करा, पण 'एक'वर सगळे एकत्र या. आपल्याला हे ऐकून सम आठवली नाही तरच नवल. तबलजी कितीही लांब गेला तरी समेवर भेटतो, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. फंकचं आवर्तन मात्र अवघ्या चार मात्रांचं, त्यामुळे ही भेट दर दोन सेकंदांनी होते. प्रत्येक वाद्याच्या वाट्याला दोन-चार सुरांचा छोटा तुकडा येतो. तो तुकडा सोपा असतो. तोच शंभर वेळा, तितक्याच वजनाने, केसभरही न सरकता वाजवणं हे खरं काम.

आता पाच ट्रम्पेटवाली पोरं डोळ्यांपुढे आणा. पितळी वाद्यात सूर ओठांतून निघतो. ओठ जरा सैल पडला की सूर घसरतो. जीभ दातांमागे आपटली की सूर सुरू होतो आणि श्वास अडवला की तुटतो. पाच जणांच्या पाच जिभा एका क्षणी आपटल्या पाहिजेत, पाच श्वास एका क्षणी अडले पाहिजेत. एकाने अर्धा क्षण उशीर केला की आवाजाला धार राहत नाही. एक बिगुल नीट फुंकताना माझी दमछाक व्हायची, म्हणून मला ठाऊक आहे, हे प्रतिभेने होत नाही, तालमीने होतं. ही पोरं शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावरही तालीम करायची. प्रोफ यांचा धाक होता आणि तितकाच जिव्हाळाही. घरी वडील नसलेल्या कित्येक पोरांना ते वडिलांच्या जागी होते.

१९६९ च्या सुमारास बँडची पहिली एलपी आली. शाळेच्या बँडची तबकडी निघणं अमेरिकेत नवलाचं नव्हतं. वार्षिक कार्यक्रम रेकॉर्ड करून थोड्या प्रती काढायच्या, त्या पालकांनी घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या, अशी पद्धतच होती. पण प्रोफ यांनी पोरांना स्टुडिओत नेलं, क्रॅम या नावाने स्वतः तबकड्या काढल्या आणि सोडतच राहिले. बँडच्या सगळ्या मिळून आठ एलपी झाल्या. हे ऐकून मी थबकलो होतो. इयत्ता संपते, पोरं पांगतात, पुढच्या वर्षी ट्रम्पेटच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसतं. शिक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. या शिक्षकाने दर तुकडीचा आवाज जपून ठेवला. सोळा वर्षांच्या ड्रमवाल्याचा हात आज अर्ध्या शतकानंतर जसाच्या तसा ऐकू येतो.

स्पर्धांमध्ये काय झालं, ते तुम्ही ओळखलं असेल. समोर बहुतांश गोऱ्या पोरांचे बँड, साधनसामग्रीने भरलेल्या शाळांचे. त्यांच्यानंतर कॅशमिअरची पोरं मंचावर यायची, एकसारख्या पोशाखात, वाढवलेल्या कुरळ्या केसांत, आणि पहिल्याच ठोक्याला सभागृह हलायचं. एकूण ४६ स्पर्धांपैकी ४२ त्यांनी जिंकल्या. १९७२ मध्ये अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात देशभरच्या शाळांचे बँड जमले होते. तिथे ही पोरं अमेरिकेतला सर्वोत्तम स्टेज बँड ठरली. अलाबामा म्हणजे वर्णभेदाचे सगळ्यात खोल घाव असलेलं राज्य. त्या भूमीवर हा निकाल ऐकताना त्या पोरांच्या आईवडिलांना काय वाटलं असेल, या विचाराने मला आजही भरून येतं. पुढे युरोप झाला, जपान झालं. वस्तीबाहेर फारसं न गेलेल्या पोरांनी विमानात वाद्यांच्या पेट्या चढवल्या.

१९७८ मध्ये प्रोफ निवृत्त झाले आणि तो बँड तिथेच थांबला. तबकड्या जुन्या बाजारात आणि माळ्यांवर जाऊन पडल्या. तिथून त्या शोधल्या हिप-हॉपवाल्यांनी. जुन्या फंकच्या ठेक्यांवर नवं संगीत उभारणाऱ्यांना हे ठेके सोन्यासारखे वाटले. २००६ मध्ये नाऊ-अगेन या कंपनीने १९६८ ते १९७४ मधली निवडक रेकॉर्डिंग पुन्हा बाजारात आणली. माझ्या मित्राने ऐकवलं ते हेच.

२००८ च्या सुरुवातीला जुने विद्यार्थी त्याच शाळेत पुन्हा जमले. आता पन्नाशीतले, कुणी टकलाचे, कुणी चष्म्याचे. काहींनी तीस-पस्तीस वर्षांत वाद्याला हात लावलेला नव्हता. ओठ विसरले होते, बोटं अडखळत होती. तालमी झाल्या, जुने कागद उघडले, आणि मग त्यांनी ९२ वर्षांच्या प्रोफ यांच्यासमोर वाजवलं. 'थंडर सोल' या माहितीपटात हे सगळं चित्रित झालं आहे. त्यानंतर लगेचच, ३ फेब्रुवारीला, प्रोफ गेले.

श्रोतेहो, कॅशमिअर स्टेज बँडचं कुठलंही रेकॉर्डिंग मिळालं तर आवाज थोडा मोठा ठेवून ऐका. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका, दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा ट्रम्पेटचा ताफा जिथे थांबतो ती जागा ऐका. पाचही पोरांनी तिथे एकदम श्वास अडवलेला आहे.

नमस्कार.