फ्रान्स्वा द रूबे : राहत्या घरात बसून केलेलं सिनेमाचं संगीत

नमस्कार मंडळी. फ्रेंच सिनेसंगीत म्हटलं की मिशेल लग्रां, मोरिस जार, जॉर्ज दलरू ही नावं येतात, आणि बरोबरच आहे, तिघेही पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत रीतसर शिकलेले, तयारीचे लोक. पण आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो फ्रान्स्वा द रूबे अशा कुठल्याच शाळेत गेला नाही. जॅझ ऐकून ऐकून ट्रॉम्बोन वाजवायला लागला, मग जे वाद्य हाती लागेल ते शिकत गेला. जन्म 1939 चा. वडील पॉल द रूबे माहितीपट, शैक्षणिक फिल्म्स काढणारे निर्माते, त्यांच्याच छोट्या फिल्म्सना संगीत देत देत पोराचा हात बसला. दिग्दर्शक रॉबेर आन्रिको त्याला भेटला तोही वडिलांमुळेच, आणि ती जोडी शेवटपर्यंत टिकली.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. पॅरिसमध्ये र्‍यू द कूरसेलवर त्याचं घर होतं आणि त्या घरातच त्याने स्टुडिओ थाटला. म्हणजे काय करायचा, तर आधी रिदम टेप करायचा, तो कानात ऐकत त्याच्यावर गिटार, मग तेच परत लावून बासरी, मग कीबोर्ड, पुढे सिंथेसायझर आला तर तोही, असे एकावर एक थर, आणि वाजवणारा बहुतेक वेळा तो एकटाच. आपल्याकडे त्या काळात संगीतकार वेगळा, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बांधून देणारा अरेंजर वेगळा, वादक वेगळे आणि सगळे मिळून स्टुडिओच्या शिफ्टमध्ये काम उरकणार, त्या हिशेबाने बघा हे किती वेगळं आहे. मोठा ऑर्केस्ट्रा लागला की तोही अरेंजरची मदत घ्यायचा, त्यात काही कमीपणा नाही. पण घरातल्या टेपांमध्ये जो जिव्हाळा आहे ना, बोटं तारेवर घासल्यासारखा जवळचा आवाज, तो मला दुसरीकडे क्वचितच सापडतो.

1967 हे त्याचं मोठं वर्ष. दिग्दर्शक मेलव्हिलचा 'ल सामुराई' आला, त्यात नट आलाँ दलों भाडोत्री खुनी, अंधाऱ्या खोलीत एकटा, सोबतीला पिंजऱ्यातला पक्षी, आणि सुरुवातीची जवळपास दहा मिनिटं कुणी चकार शब्द बोलत नाही. अशा ठिकाणी संगीत जास्त झालं तर सगळं बिघडतं. याने ऑर्गनवर मोजकेच सूर धरले आणि तेच घोळवले, बस, त्या माणसाचा एकटेपणा तिथेच कळतो. त्याच वर्षी आन्रिकोचा 'लेझावांत्युरिये', त्यात शिट्टीवरची ती धून आहे, एकदा ऐकली की दिवसभर तोंडात बसते. या सिनेमात लेतिसिया नावाची मुलगी मरते आणि तिचे दोन मित्र तिला पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रात सोडतात. हा प्रसंग लक्षात ठेवा.

टीव्हीचं कामही त्याने हलकं मानलं नाही. 1974 साली फ्रेंच टीव्हीवर 'शापी शापो' आलं, मोठ्या टोप्या घातलेल्या दोन चिमुकल्या बाहुल्या, त्याची धून त्या पिढीच्या फ्रेंच लोकांना आजही पाठ आहे. आणि 1970 च्या 'दर्निए दोमिसिल कोन्यू' या पोलिसपटाची थीम तर तुम्ही नकळत ऐकली असेल, इंग्लिश गायक रॉबी विल्यम्सच्या 2000 सालच्या 'सुप्रीम' गाण्यात ती घेतलीय.

पण संगीताइतकाच जीव त्याचा समुद्रात होता. डायव्हिंगचं वेडच. समुद्रावर माहितीपट काढणाऱ्या कूस्तोच्या अंटार्क्टिकावरच्या फिल्मसाठी त्याने मन लावून संगीत केलं आणि ते नाकारलं गेलं, मला त्याचं अजूनही वाईट वाटतं कारण बर्फाखालचं पाणी याच्याइतकं कोणाला कळलं असतं? 22 नोव्हेंबर 1975 ला कॅनरी बेटांतल्या तेनेरीफला तो पाण्याखाली गेला आणि परत आला नाही. वय फक्त 36. लेतिसियाच्या त्या प्रसंगाचं संगीत करताना हे कोणाच्या ध्यानीमनी तरी असेल का हो.

त्याच वर्षी आन्रिकोचा 'ल व्ह्यू फ्युझी' लागला होता, महायुद्धात बायको-मुलगी गमावलेल्या डॉक्टरची गोष्ट. पुढच्या वर्षी सेझार हे फ्रान्सचे सिनेपुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले आणि संगीताचा पहिला सेझार या सिनेमासाठी द रूबेला मिळाला. तारीख होती 3 एप्रिल 1976. त्या दिवशी तो 37 वर्षांचा झाला असता.

जरा दिवे कमी करा, शिट्टीवाली ती धून लावतो.