खळ्यावरची वर्गणी

(दृश्य : पहाट. शेणानं सारवलेल्या ओसरीवर एक जुनी लोखंडी पायली.)

ही पायली. धान्य मोजायचं माप. काठ झिजून गुळगुळीत झालेत, कडीचा एक टाका निखळलाय. घरात आता तिचं काम उरलेलं नाही, किराणा किलोवर येतो. पण वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांनी एके काळी याच मापानं दवाखान्याची वर्गणी मोजून दिली होती. तीही आजारी पडायच्या आधी, सगळे धडधाकट असताना.

(दृश्य : पावसानं भरलेला रस्ता. बैलगाडीच्या चाकोऱ्यांत साचलेलं पाणी.)

शेतकऱ्याच्या घरी आजारपण नेमकं कधी येतं, ते आधी पाहू. हिवताप, हगवण, साप चावणं, हे सगळं पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात हातात पैसा नसतो. होता नव्हता तो बियाण्यात आणि खतात, म्हणजे जमिनीत गेलेला असतो. पीक घरात यायला अजून तीन-चार महिने असतात.

माझ्या आजीचं दुखणं असंच ऑगस्टमध्ये निघालं. रात्रीचे अकरा वाजलेले, तालुक्याच्या गावातला एक खासगी दवाखाना. खिडकीतल्या माणसानं आधी अनामत भरायला सांगितली. मामांनी शेजाऱ्याला उठवलं, शेजाऱ्यानं सावकाराला. महिना शेकडा पाच. आजी वाचली. त्या वर्षीची तूर मात्र शेतात उभी असतानाच विकली गेली. आमच्याकडे त्या साली धाकट्या मावशीचं कॉलेज सुटलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

हा हिशेब देशाच्या पातळीवरही मांडलेला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून, आजारपणाच्या वेळीच भरत होते. २०२१-२२ पर्यंत हा वाटा ३९ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तिचं मोल कमी करू नये. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये म्हणजे खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे रुपये. सरकारचा आरोग्यावरचा खर्च त्याच वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

पैसा कमी आहे, हे खरं. पण तो कधी गोळा करायचा, कुणाकडून किती घ्यायचा आणि आधी कुठे खर्चायचा, हे प्रश्नही तितकेच मोठे आहेत. त्यांची उत्तरं शोधायला आम्ही विदर्भातच थांबलो.

(दृश्य : सेवाग्राम. कस्तुरबा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग. धोतर, लुगडी, शाळेचे गणवेश.)

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आश्रमातल्या एका लहानशा दवाखान्यातून वाढलं. त्यामागे होत्या डॉ. सुशीला नायर, गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय.

इथल्या डॉक्टरांपैकी काही जण आसपासच्या गावांत जाऊ लागले. त्यांत डॉ. उल्हास जाजू होते. गावात गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की फुकटच्या औषधाला लोक आपलं मानत नाहीत आणि विकतचं त्यांना परवडत नाही. मग मधला रस्ता कोणता? १९८० च्या दशकात तो सापडला, खळ्यावर.

(दृश्य : कापलेल्या ज्वारीची कणसं. मळणी. उफणणीची धूळ उन्हात चमकते.)

खळं म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षातली एकच जागा, जिथे त्याचा हात सैल असतो. रास पडलेली असते. तिथून देव-धर्म, तिथून देणी, तिथून बलुतं. मराठी गावानं शतकानुशतकं सुताराला, लोहाराला, न्हाव्याला वर्षभराच्या कामाचा मोबदला इथूनच दिला. त्या व्यवस्थेत जात होती, सक्ती होती, कमी दिलं तरी तोंड उघडता न येणं होतं, आणि ते विसरून तिचं कौतुक करता येत नाही. पण एक सवय तिनं गावाच्या हाडात मुरवली होती. वर्षभर लागणाऱ्या कामाची भरपाई सुगीत, धान्यानं करायची.

सेवाग्रामच्या योजनेनं ती सवय घेतली आणि तिची बाजू पालटली. इथे देणारा सभासद होता. त्यानं ज्वारी दिली की वर्षभर त्याच्या घरच्या आजारपणाची जबाबदारी गावाची आणि रुग्णालयाची. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त पायल्या द्यायच्या. भूमिहीन मजुरानं थोडी द्यायची. दवाखान्यात मात्र दोघांना एकच वागणूक. कुवतीप्रमाणे द्या आणि गरजेप्रमाणे घ्या, हे तत्त्व मोठमोठ्या अहवालांत छापलेलं असतं. इथे ते राशीशेजारी मोजलं गेलं.

या योजनेतल्या दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. त्यांवर जरा थांबू.

पहिली अट, गावातली किमान पंचाहत्तर टक्के कुटुंबं सामील झाली तरच योजना सुरू. का? समजा, फक्त आजारी माणसांनीच पायली आणून ओतली. कणगी चार दिवसांत रिकामी. धडधाकट माणूस आत असेल तरच आजारी माणसाचा खर्च निघतो. देशोदेशीच्या विमा कंपन्या ज्या गोष्टीला घाबरून दहा पानांचे फॉर्म भरून घेतात आणि जुनं दुखणं लपवलं म्हणून दावा नाकारतात, ती गोष्ट इथे गावसभेत सोडवली गेली. कुणाच्या रक्ताचे रिपोर्ट मागितले नाहीत. एवढंच विचारलं, तुमच्यातली बहुतेक घरं येताय का?

दुसरी अट खर्चाची. अचानक कोसळलेलं दुखणं, ज्याची कुणाला कल्पना नव्हती, त्यावर रुग्णालयात उपचार मोफत. पण जे आधीपासून ठाऊक आहे, ज्यासाठी तयारी करता येते, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचं बाळंतपण, त्याच्या बिलाचा एक हिस्सा कुटुंबानं उचलायचा. साप सांगून येत नाही. बाळ नऊ महिने आधी सांगून येतं.

आणि जमलेली ज्वारी सगळी रुग्णालयात गेली नाही. आधी गावातल्या आरोग्य सेवकाचं मानधन निघालं, औषधांची पेटी भरली. ताप, खोकला, हगवण, जखमेची मलमपट्टी, हे गावातच. सेवकाच्या आवाक्याबाहेरचं असेल तरच सेवाग्राम. रुग्णालयाची खाट त्यामुळे खाटेची गरज असलेल्यालाच मिळते, आणि मजुराची रोजी बुडत नाही.

(दृश्य : सोयाबीनचं शेत. दूरवर हार्वेस्टर.)

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे रुग्णालय ज्वारीवर चाललेलं नाही आणि चाललंही नसतं. संस्थेच्या खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, पाव राज्य सरकार, उरलेला पाव संस्था स्वतः उभा करते. मोठ्या रुग्णालयाला सरकारी पैशाचा कणा लागतोच. गावाच्या वर्गणीतून शल्यगृह उभं राहील असं म्हणणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. वर्गणीनं जे केलं ते वेगळं. गाव दवाखान्याचं गिऱ्हाईक राहिलं नाही. सेवक येत नसेल तर विचारणारं, औषध संपलं तर बोलणारं, हक्कानं दारात उभं राहणारं झालं.

पुढे विदर्भात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली. वर्गणी रोख रकमेत गेली. राज्यातही चित्र बदललं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि २०२३ मध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या सर्व कुटुंबांना द्यायचा निर्णय झाला. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस, यांसाठी या योजनेनं अनेक घरांची जमीन वाचवली आहे. पण ती दार उघडते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, लहान बाळाचा पहिला खोकला, हे दाराबाहेरच राहतं. आणि बहुतेक घरांचा पैसा झिरपतो तो याच दाराबाहेर.

(दृश्य : गडचिरोली. साग आणि मोहाची झाडं. पाऊलवाट.)

इथून पूर्वेला, गडचिरोलीत. डॉ. अभय बंग यांचं बालपण सेवाग्रामच्याच परिसरात गेलं. १९८६ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. इथला प्रश्न असा होता, की बाळं मरत होती आणि डॉक्टर फार लांब होता. न्यूमोनिया ओळखायचा कसा, तेही घड्याळ वाचता न येणाऱ्या बाईनं?

(दृश्य : लाकडी चौकट, अगदी जवळून. वाळूचं घड्याळ, तारांवर ओवलेले मणी.)

हे बघा. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जास्त आहे. तान्ह्याला मिनिटाला साठ, मोठ्याला पन्नास. म्हणजे न्यूमोनिया, औषध द्यायचं. सुईणीला फक्त दहापर्यंत मोजता यायला हवं होतं, आणि ते तिला येत होतं.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचं काम सुरू झालं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर इंजेक्शनही कसं द्यायचं. तीन वर्षांत, जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि १९९७-९८ मध्ये दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला.

आरोग्य व्यवस्थेची उत्पादकता म्हणतात ती हीच. किती तपासण्या झाल्या, किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया उरकल्या, हे मोजणं सोपं असतं. पण ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम वाढतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कागदावर त्या सगळ्या ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ आहेत. कोयता हातात घेऊन पुन्हा फडात उतरणाऱ्या तिशीतल्या बाईची कंबर त्या कागदावर नाही.

(दृश्य : सकाळ. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, शेणाचा सडा ओलांडून आत येणारी आशाताई.)

गडचिरोलीचं काम २०११ पासून देशभरातल्या आशाताईंकडे, म्हणजे गावोगावच्या सरकारी आरोग्य सेविकांकडे आलं. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिनं घरी सहा वेळा जायचं. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. या सगळ्याचे मिळून तिला २५० रुपये ठरले. एका भेटीचे बेचाळीस रुपयेही नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना वाढीव मानधनासाठी संपावर बसावं लागलं. जी बाई या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त जीव वाचवते, तिचं मानधनच प्रत्येक वेळी शेवटी कसं येतं? पायलीतला पहिला वाटा गावातल्या सेवकाचा होता.

(दृश्य : घराच्या आत. आढ्याला अडकवलेला काटा, खाली झोळी.)

आज बेचाळिसावा दिवस. आशाताई हात धुते, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. बाळाला झोळीत ठेवते. काटा हलतो, थांबतो. आजी विचारते, “कितीक भरलं वो?” ताई आकडा सांगते आणि वहीत लिहिते. मग बाळाची कुंची वर सारून तिचं लक्ष पोटाकडे. ओठ हलतायत. मोजतेय ती. आई पदराचं टोक धरून गप्प बसलीय, चुलीवरचं दूध उतू जायला आलंय, तरी कुणी उठत नाही, मिनिट पुरं होईपर्यंत.