गाठीले अक्कल हाय का जी?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी गणेशोत्सवात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादून)

मंडळी, हे सोयाबीनचं झाड येताना धुऱ्याजवळच्या तासातून उपटून आणलंय. ज्यांचं आहे ते पहिल्याच रांगेत बसलेत, त्यांना विचारूनच आणलं. मुळं धुऊन घेतली. या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात ना? एक ब्लेडनं कापतो. आत बघा, गुलाबी. रंग रक्ताचा, आणि नातंही रक्ताशीच. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन, त्याचा हा चुलतभाऊ, लेगहिमोग्लोबिन.

पेरणीच्या आधी बियाण्याला रायझोबियमचं काळं पाकीट चोळता, ते जिवाणू इथे राहायला येतात. येतात कसे, ते ऐकण्यासारखं आहे. मूळ मातीत एक रसायन सोडतं. ते ओळखीच्या जिवाणूपर्यंत पोचलं की तो आपलं रसायन सोडतो. ते लागलं की मुळावरचा केस आकड्यासारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि आतून त्याच्यासाठी एक नळी तयार होते. जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल असा करून देतो, झाड त्याला साखर देतं.

सकाळी पारावर हे सांगत होतो तर एका आजोबांनी विचारलं, "गाठीले अक्कल हाय का जी, का वरून कोणी चावी भरते?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नावरच आहे, लिहून आणलेलं खिशात राहू द्या.

चावीचा मुद्दा जुना आहे. विल्यम पॅली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकानं 1802 मध्ये लिहिलं, की माळावर घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी घडवलं असणार. मग जीव तर घड्याळाहून कितीतरी बारीक कामाचा. अकलेच्या बाजूलाही मोठी माणसं आहेत. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्य मक्याच्या कणसांत घालवलं, 1983 मध्ये नोबेल मिळालं, आणि त्या वेळच्या भाषणात त्या म्हणाल्या की पेशीला स्वतःविषयी किती ज्ञान असतं हे पुढच्यांनी शोधावं. बाई भाबड्या नव्हत्या, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

आता एक प्रयोग. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातला, 2003 साली छापून आला, सोयाबीनवरच केलेला. त्यांनी गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्या जागी आर्गॉन वायू भरला. जिवाणू बिचारे कामाला तयार, पण कच्चा मालच नाही. झाडानं काय केलं असेल? जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांचा कयास असा, की झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही म्हटलं, वा रे अक्कल! कामचोराला शिक्षा! मग रात्री अंथरुणावर लक्षात आलं, की इथे कामचोर कुणीच नव्हता. नायट्रोजन माणसांनी पळवला आणि मार जिवाणूंनी खाल्ला. अक्कल असती तर झाडानं निदान चौकशी केली असती. साधा सालदार दोन दिवस आला नाही तरी आपण आधी विचारतो, बरं आहे ना घरी? झाडाजवळ एकच नियम आहे: माल येत नाही, तर पुरवठा कमी. नियम सुरेख आहे, पण त्याला कारण कळत नाही.

मग नियम तरी कोणी घालून दिला, असं समोर बसलेले बुवा विचारतील; त्यांच्या चेहऱ्यावरच दिसतंय. बुवा, त्यासाठी पऱ्हाटीच्या शेतात यावं लागेल. 2002 मध्ये बीटी आलं, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कापसाचं वाण, 2006 मध्ये दोन विषांचं बीटी आलं, आणि 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यातली बोंडं गुलाबी अळीनं आतून खाल्ली. आपण म्हणतो, "अळीनं तोड काढली." कोणत्याच अळीनं काही काढलं नाही. बीटीचं पहिलं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. काही अळ्यांत ते प्रथिन मुळातच मोडकं होतं, म्हणून पहिल्या विषातून त्या वाचल्या आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. भारतातल्या शेतांतल्या अळ्या तपासल्या तेव्हा ते प्रथिन घडवणारं एकच जनुक निरनिराळ्या तऱ्हांनी मोडलेलं सापडलं. याचा अभ्यास 2014 साली छापला गेला. घडवणारा कुणी असता तर एकच नीट दुरुस्ती सापडली असती. ही तर दहा जणांनी दहा ठिकाणी फोडलेली कुलपं. आणि बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची, कडेनं लावायला, म्हणजे साध्या अळ्याही टिकतील, नुसत्या मोडक्या प्रथिनाच्याच उरणार नाहीत. किती जणांनी लावली? राहू द्या, हात वर करू नका.

पहिली पेशी कशी झाली, याचं पुरतं उत्तर विज्ञानाजवळ अजून नाही, हे बुवांना मी मोकळेपणानं देऊन टाकतो. तेवढ्या जागेत त्यांनी खुशाल देव बसवावा. पण मग तुळशीत बसवला तो बोंडअळीतही बसवावा लागेल, आणि फवारणीच्या दिवशी अडचण होईल. (हशा.)

माझी तक्रार खरी आपल्या बोलीशी आहे. "मुळानं ओळखलं", "गाठीनं ठरवलं", "अळीनं तोड काढली": वाक्यात कर्ता बसवल्याशिवाय आपल्याला बोलताच येत नाही. अर्ध्या तासात मी स्वतः किती वेळा बसवला, मोजलं असेल कुणी.

मागून एक बाई विचारताहेत, "मंग सोयाबीनले युरिया टाकू का नोको?" बाई, जमिनीत तयार नायट्रोजन जास्त झाला की झाड गाठी कमी धरतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. युरिया पडलेल्या तासातलं एक झाड आणि न पडलेल्या तासातलं एक, दोन्ही उद्या सकाळी उपटा, गाठी मोजा, कापून रंग बघा. हे झाड मागे पाठवतो. पोरांनो, ब्लेडला हात लावायचा नाही, नखानं फोडा.