एल्डरची वही

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपल्या भागात कुणाला माहीत नाही? कुणाच्या आजीचा मोतीबिंदू तिथं काढलेला असतो, कुणाचा जन्मच तिथला असतो. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली ते उभं केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. पण हे डॉक्टर प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या ज्या मिशनमधून आले, त्या मिशनच्या गावोगावच्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, कशा चालतात, ते बाहेरच्या माणसाला फारसं ठाऊक नसतं. कौलारू चर्च, पुढं घंटा, रविवारी सकाळी पेटी-तबल्याचा आवाज, एवढंच रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं. रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांत तिथं काय चालतं, ते मला आज सांगायचं आहे. मी अशाच एका छोट्या गावच्या मंडळीत लहानाची मोठी झाले. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले आणि आता मंडळीच्या कमिटीवर आहे.

थोडं मागचं सांगते. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. मध्यंतरी काही वर्षं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर काम चालवलं आणि १८७० साली ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशन बोर्डानं आपल्याकडं घेतलं. पुढं सांगली, मिरज, कोडोली, इस्लामपूर, घाटाखाली रत्नागिरी आणि वेंगुर्ला अशी ठाणी झाली. जालन्याला आणि नागपूरला स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन होते. जालन्याचं काम तर रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी माणसानं उभं केलं. १९२४ साली उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दुसऱ्या पंथाच्या मंडळ्या एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात आणखी काही पंथ मिळाले, बिशप आले, डायोसिस म्हणजे बिशपांचे प्रांत आले. पाट्या बदलल्या. गावातली जुनी रीत मात्र पुष्कळशी तशीच राहिली.

ही रीत म्हणजे एल्डरांचा कारभार. सोळाव्या शतकात जिनिव्हात धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिननं तिची घडी बसवली, स्कॉटलंडनं १५६० पासून ती उचलली आणि तिथून ती अमेरिकेत गेली. मंडळीचे सभासद आपल्यातूनच काही माणसं निवडतात, ते एल्डर. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि एल्डर मिळून सेशन होतं. मंडळीत कुणाला सभासद करून घ्यायचं, प्रभुभोजनाचा विधी कधी ठेवायचा, गरिबांच्या फंडातून कुणाला काय द्यायचं, हे सगळं तिथं ठरतं. पाळक अध्यक्ष असतात, पण एकटे मालक नसतात. जुन्या घडीत सेशनच्या वर आसपासच्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, तिच्या वर मोठ्या प्रांताचा सिनॉड, आणि प्रत्येक पायरीवर पाळकांच्या शेजारी साध्या सभासदांतले एल्डर बसलेले.

आपल्या भागात या रीतीला आणखी एक अर्थ आला, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मिशनच्या या मंडळ्यांमध्ये बहुतेक कुटुंबं महार-मांग समाजातून आलेली. ज्यांना गावच्या चावडीवर बसायची सोय नव्हती, पाणवठ्यावर घागर टेकवायची मुभा नव्हती, ती माणसं मंडळीच्या वार्षिक सभेत हात वर करून मत देऊ लागली. हिशेब विचारू लागली. ठराव मांडू लागली, आणि पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडू लागली. पैशाच्या चाव्या बराच काळ मिशनरी साहेबांकडंच होत्या, हेही खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. तरी सभा कशी चालवावी, इतिवृत्त कसं लिहावं, विरोधकाला पुरतं बोलू कसं द्यावं, हे शिक्षण शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना इथं मिळालं. हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, सुतार, बोर्डिंगातला स्वयंपाकी असे लोक एल्डर झाले. शिकलेला पाळकसुद्धा त्यांच्या संमतीशिवाय पाऊल टाकू शकत नव्हता.

आता रोजचं काम सांगते. आमच्याकडं प्रत्येक एल्डरकडं काही घरं नेमून दिलेली असतात. ही रीत जुनी आहे, स्कॉटलंडातही अशीच. त्या घरांची एक वही असते, साधीच, शाळेच्या दुकानात मिळते तसली दोनशेपानी. एका पानावर एक घर. वर घरातल्या माणसांची नावं, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची, म्हणजे स्वतःहून श्रद्धा जाहीर केल्याची तारीख. खाली मोकळी जागा, आणि वहीचा जीव त्या मोकळ्या जागेत असतो. मी एल्डर झाल्यावर माझ्याकडं आलेल्या वहीत आधीच्या एल्डरच्या अक्षरात अशा नोंदी आहेत: ‘म्हातारीला ऐकू येत नाही, दार मोठ्यानं वाजवावे.’ ‘मुलगा दहावीला, गणित कच्चे, शिकवणीची सोय बघणे.’ ‘नवरा-बायकोचे बोलणे बंद आहे, दोघांकडे वेगवेगळे बसावे.’ ‘दिवाळीला शेजारून फराळ येतो, नाताळात त्यांना परत द्यायला काही नाही. महिला मंडळाला सांगणे.’ ही शेवटची नोंद मी कितीदा तरी वाचली आहे. घरात खायला आहे की नाही, हे पाहणारे पुष्कळ असतात. शेजाऱ्याचं ताट रिकामं परत पाठवावं लागतं याची बोच ओळखणारा माणूस विरळा.

या वहीचं खरं मोल कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णा, वारणा, पंचगंगा तिन्ही नद्या कशा फुगल्या होत्या ते तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. पाणी चढायला लागलं त्या रात्री आमच्या एल्डरांनी वह्या बाहेर काढल्या. कोण बिछान्याला खिळून आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाची सून नवव्या महिन्यात आहे, सगळं लिहिलेलं होतं. कुणाला विचारत बसावं लागलं नाही. मंडळीच्या हॉलमध्ये जागा झाली, ती फक्त ख्रिस्ती घरांपुरती नव्हती, गल्लीच्या गल्ली तिथं आली. महिला मंडळानं चुली मांडल्या. मसाल्याचे डबे निम्मे वाहून गेले होते, तेव्हा पहिले दोन दिवस भात आणि पिवळं वरण, त्यात मीठ-हळदीपलीकडं काही नाही. कुणी तक्रार केली नाही. पाणी ओसरल्यावर प्रत्येक एल्डर आपापल्या घरांतून पुन्हा फिरला आणि कोणाची गादी गेली, कोणाचं रेशनकार्ड भिजलं, कोणाची शेळी गेली हे त्याच वहीत लिहून घेतलं. मदत आली तेव्हा वाटप त्या नोंदींवरून झालं. म्हणून भांडण झालं नाही.

सुगीनंतरचा उपकारस्तुतीचा रविवार तर तुम्ही एकदा येऊन बघा. त्या दिवशी दान पैशात नसतं. जो जे पिकवतो ते आणतो. पुढं टेबलाभोवती उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप, शाळूची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. ज्याची शेती नाही तो परसातली मेथीची जुडी आणतो. प्रार्थना झाली की लिलाव. बोली पुकारणारा माणूस ठरलेला असतो, त्याला सगळ्यांच्या खोड्या माहीत असतात. एका वर्षी एका विधवा बाईंनी दोन अंडी आणली होती, रुमालात गुंडाळून. पहिली बोली वीस रुपये झाली. ज्यानं घेतली त्यानं ती परत टेबलावर ठेवली, ‘पुन्हा पुकारा’ म्हणाला. मग पन्नास. पुन्हा टेबलावर. मग शंभर. ती दोन अंडी सहा-सात हातांतून गेली. बाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. शेवटच्यानं घेतली आणि त्यांच्याच नातवाच्या हातात दिली. त्या वर्षीच्या हिशेबात त्या बाईंच्या नावापुढं जी रक्कम लागली, ती बागायतदारांच्या बरोबरीची होती.

गाण्याबद्दल सांगितलं नाही तर ऐकणारे रागावतील. स्कॉटलंडातल्या या पंथाच्या लोकांनी कैक पिढ्या वाद्यांशिवाय नुसती स्तोत्रंच गायली. आपल्याकडं आल्यावर त्याच पंथाच्या मंडळीत झांजा आल्या, तबला आला, अभंग आणि ओव्या आल्या. ख्रिस्ती कीर्तन आलं, गळ्यात हार, मागं टाळकरी, पूर्वरंग-उत्तररंग सगळं घेऊन. तंतुवाद्यांसाठी सगळीकडं नाव असलेली मिरज इतकी जवळ असताना आमच्या माणसांनी सुराविना आराधना कशी केली असती!

मयत झाली की घंटेचे ठोके वेगळे पडतात, सावकाश, एकेक करून. तासाभरात एल्डर त्या घरी पोचलेले असतात. शवपेटीची व्यवस्था, खड्डा खणणारे, गावोगावच्या नातेवाइकांना फोन, रात्रभर भजनाला बसणारे, एकेक काम एकेकानं उचललेलं असतं. घरच्यांना फक्त रडायचं असतं. शेजारच्या मराठा, मुसलमान, जैन घरांतून पिठलं-भाकरी येते, हेही इथं सांगितलंच पाहिजे.

बायकांविषयी मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. हा सगळा गाडा बायकांच्या खांद्यावर चालतो. मिरजेला नर्सिंग शिकून आलेल्या मुलींनी मंडळ्यांना पहिला नियमित पगार दाखवला. घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबलबाया उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर फिरल्या. दूर मिझोराममध्येही प्रेस्बिटेरियनच चर्च आहे. तिथं १९१० पासून बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढतात, ते तांदूळ चर्चकडं जमा होतात, आणि त्या मुठींतून शाळा चालल्या, दूरदूरचे प्रचारक पोसले गेले. त्याच चर्चमध्ये बायकांना एल्डर करण्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं अडून राहिला. ज्या अमेरिकन चर्चनं आपल्याकडं मिशन पाठवलं, त्यांनी १९३० साली बायकांना एल्डर होऊ दिलं आणि १९५६ साली पाळक. आपल्याकडं चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायका पाळकही होतात. तरी गावच्या सभेत एखाद्या बाईचं नाव सुचवलं की अजून कुजबुज होते. माझ्या नावाच्या वेळीही झाली. घर कोण बघणार, रात्रीच्या सभेला कशी येणार, असे प्रश्न झाले. मी एवढंच म्हणाले की वही घेऊन घरोघरी जायचं असेल तर स्वयंपाकघरापर्यंत मलाच जाता येईल. ओट्यापाशी जे कळतं ते बाहेरच्या खोलीत चहा पिताना कळत नाही. पहिल्याच फेरीत मला तीन घरांत अशा गोष्टी समजल्या, ज्या वीस वर्षांत कुठल्या एल्डरला कुणी सांगितल्या नव्हत्या.

आता काळजीची गोष्ट. मंडळीतली तरुण मुलं पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत गेली. ज्या बाकांवर चार पिढ्या दाटीवाटीनं बसायच्या, तिथं आता म्हातारी माणसं अंतर ठेवून बसतात. नाताळात सगळे येतात, चर्च भरून जातं, करंज्या-चकल्यांचे डबे फिरतात, एकतीस डिसेंबरची मध्यरात्रीची प्रार्थना होते आणि दोन जानेवारीला एसटी स्टँडवर निरोप. एल्डर निवडायचे तर तीच ती नावं. आमच्यातले दोघं पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघे धरून घरं फिरतात. काही लोक म्हणतात, आता फोन आहेत, ग्रुपवर निरोप टाकला की झालं. मला ते पटत नाही. ग्रुपवर प्रार्थनेची विनंती येते ती दुखणं जाहीर करण्याजोगं असेल तेव्हाच. सुनेला मारहाण होते, मुलगा दारूला लागला, सावकार दारात आला, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. त्याला दार वाजवून आत जाऊन बसावंच लागतं.

पुण्यातल्या मुलांना दोष देऊन काही होणार नाही. पोट जिथं नेतं तिथं माणूस जातो, आमचे आजे-पणजेही असेच गावं सोडून मिशनच्या आवारात आले होते. म्हणून येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक एल्डरबरोबर पंचविशीच्या आतला एक मुलगा किंवा मुलगी, गावात राहणारी, महिन्यातून एकदा घरभेटीला जाईल आणि त्या भेटीची नोंद तीच लिहील, स्वतःच्या अक्षरात. दुसरं, पुण्या-मुंबईत गेलेल्या कुटुंबांची वेगळी वही होईल आणि ती तिथंच राहणाऱ्या आपल्यातल्या एकाकडं सोपवली जाईल. त्याला सभेत मत असेल, फोनवरून का होईना. तिसरं कलम एल्डरांच्या निम्म्या जागा बायकांना द्याव्यात असं आहे. त्यावर वाद होणार हे मला माहीत आहे. पहिल्या दोन कलमांना अनुमोदन मिळालं आहे. तिसऱ्यासाठी अजून दोन घरी जाऊन बोलायचं आहे, आणि उद्या संध्याकाळी मी तिकडंच निघाले आहे.

नमस्कार.