मूठ कानाला, टोक केसवर

(दृश्य: बोळ, अर्धं उघडलेलं शटर. इंजिनाचा नुसता आवाज.)

पुण्याची नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानांमागचा बोळ. ही बजाज चेतक. आकुर्डीत 1972 पासून चेतक बनू लागली, त्यातली ही ऐंशीच्या दशकातली. 145 सीसी, टू-स्ट्रोक. मालकांची तक्रार एवढीच, 'वाजते.' दोन गॅरेजांनी ऐकूनही न घेता भंगारात काढायला सांगितलं. मिस्त्री मात्र अजून काही बोललेले नाहीत.

(दृश्य: स्क्रू ड्रायव्हर, कान.)

हा हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनाच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, मूठ कानाला. आधी सिलिंडर. थंड इंजिनात पिस्टन टकटकतो आणि तापल्यावर गप्प बसतो, त्याचं काही नाही. मग मॅग्नेटची, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चाकाची बाजू. मिस्त्री इथून टोक हलवत नाहीत. रेस वाढवली की जातं फिरावं तशी घरघर. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलं असतं तर लोडवर ठोके पडले असते. हा आवाज क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या बेरिंगचा.

तरी इंजिन लगेच उतरवायचं नाही. पंख्याच्या झाकणाचा एखादा स्क्रू ढिला असला तरी फसवतो. मॅग्नेटचा नटही. दोन्ही घट्ट निघाले.

(दृश्य: मॅग्नेटवर दोन हात, जवळून.)

प्लग काढला. आता बोटांकडे बघा. मॅग्नेट नुसता फिरायला हवा. हा वर-खालीही हलतोय. क्रँक असा डुलला की प्लॅटिनमचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ठरत नाही, गाडी मिसिंग करते. मालक तेवढ्यासाठी प्लगवर प्लग बदलत होते!

(दृश्य: इंजिन बाकावर, केस फोडलेली.)

क्रँकवरचं बेरिंगचं हे कडं पेट्रोलने धुतलं, पुसलं. मिस्त्री त्यावर नख ओढतात. नख अडकतं. दिसायला राखाडी डाग, हाताला बारीक खड्डे. या बेरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, लिटरमागे 20 मिली. मालक अंदाजाने ओतायचे. त्यात गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती. असंच चालवत राहिलं तर बेरिंग फुटतं, इंजिन जाम होऊन मागचं चाक लॉक होतं.

(दृश्य: केसवर ज्योत.)

बेरिंग हातोडीने ठोकत नाहीत. केस तापवायची, म्हणजे तिची बैठक किंचित फाकते आणि बेरिंग अलगद उतरतं. ऑइल सील, म्हणजे तेल-हवा अडवणारी रबरी कडी, दोन्ही बाजूंची नवी. मॅग्नेटकडचं सील हवा ओढत असलं तर गाडी आयडलला उगाच चढते; क्लचकडचं गेलं तर गियरचं ऑइल जळून पांढरा धूर. जुनं सील परत बसवायची कंजुशी मिस्त्री करू देत नाहीत.

तिसरी किक.

(दृश्य: मालकांचा चेहरा. निवेदन नाही, फक्त इंजिन.)